स्पिंडलवरची खाच

मटार निम्मे सोलून झाले होते. ओट्याला पाठ टेकून मीटरकाका स्टुलावर बसले होते. मांडीवर परात, पायाशी टरफलांची टोपली. एरवी एवढ्या मटारांना त्यांना वीस मिनिटं पुरत. आज तास होत आला तरी पिशवी अर्धीच रिकामी झाली होती. शेंग दाबली की फुटल्याचा आवाज यायचा, पण आतले दाणे बोटाखालून निघाले की तिथेच राहिले हे डोळ्यांनी बघावं लागत होतं. बोटं काही सांगत नव्हती.

काकू देवासमोरून उठून आल्या. पुटपुटणं अजून ओठांवर होतं. ते संपवून त्या टोपलीकडे वाकल्या आणि मूठभर टरफलं उचलून त्यांनी चाळवली. सात-आठ दाणे टपटप ओट्यावर पडले.

"अहो, हे काय? परातीत कमी आणि टोपलीत जास्त."

"लक्ष नव्हतं."

"तासभर इथेच बसलात. लक्ष कुठे फिरायला गेलं होतं?"

काका हसले नाहीत. तेवढ्यात फोन वाजला म्हणून बरं झालं. फोन मेजरसाहेबांच्या मुलीचा होता. ती सरळ बोलणारी बाई, आडवळण तिला माहीतच नव्हतं.

"काका, परत ओलं दिसतंय. जीपचं पुढचं डावं चाक, आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढते."

"येतो, ताई. सील गेलं असेल."

"सात महिन्यांत तीन सील गेली, काका. हे चौथं." ती पुढे म्हणाली, "परवा रविवार आहे. बाबांना तळ्यावर न्यायचं आहे, आणि तळ्याच्या रस्त्याला तो उतार आहे. या वेळी नीट झालं नाही तर मी गाडी मोठ्या वर्कशॉपला देणार. वाईट वाटून घेऊ नका."

"नाही, वाईट कसलं," काका म्हणाले. फोन ठेवला, परात ओट्यावर सरकवली, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि चपला घालून निघाले. मटार तसेच राहिले.

मीटरकाकांना हे नाव कसं पडलं ते आधी सांगायला हवं, कारण गल्लीतल्या लोकांचा त्याबाबत घोळ आहे. समोरच्या घरातली सून नवी होती तेव्हा विजेचं बिल घेऊन त्यांच्याकडे आली होती. "काका, एवढं बिल कसं आलं बघा ना, तुमचंच खातं." काकांनी बिल उलटसुलट करून पाहिलं, पंख्याचा नाद कमी करा म्हणून सल्ला दिला आणि चहा पाजून परत पाठवलं. वीज खात्याशी आपला काही संबंध नाही हे त्यांनी तिला सांगितलंच नाही.

खरी गोष्ट सैन्याच्या वर्कशॉपमधली. काका तिथे फिटर होते, एकतीस वर्षं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका गिअरबॉक्सचा शाफ्ट तपासून आला होता. मोजमाप घेणाऱ्याने शिक्का मारला, कागदावर सही झाली. हा पोरगेला फिटर तो शाफ्ट बसवायला घेतो आणि म्हणतो, उस्ताद, इथे खाच आहे. सगळे हसले. उस्ताद मात्र हसले नाहीत. त्यांनी शाफ्ट पुन्हा मोजायला लावला, तर मोजायचं यंत्रच बिघडलेलं निघालं. त्या दिवसापासून हा मीटर. पुढे पुढे तर साहेब लोक नवा भाग आला की म्हणत, मशीनवर लावा आणि मग मीटरलाही दाखवा. काका हात साबणाने धुऊन, कोरडे करून, उजव्या तर्जनीचं नख धातूवरून आडवं फिरवत. केसाएवढी खाच असली तरी नख तिथे अडखळायचं. मग ते नुसती मान हलवत. त्यांनी मान हलवली की तो भाग परत जायचा, त्यावर कोणी वाद घालत नसे.

निवृत्तीनंतर बाकीच्यांनी कुठे कुठे दुकानं टाकली. काका घरी बसले. मग वर्कशॉपमधल्या जुन्या मेजरसाहेबांनी बोलावणं पाठवलं. साहेबांनी सैन्याच्या लिलावातली एक जुनी जीप घेऊन ठेवली होती. काकांच्याही वयापेक्षा मोठी, काच पुढे पाडता येणारी, दारं नसलेली. ती चालती ठेवायची. साहेबांच्या घराशेजारी जीपची शेड होती, तिची एक किल्ली काकांकडे आली. गेली अकरा वर्षं ती त्यांच्या कडदोऱ्याला बांधावी तशी कायम खिशात असे. आंघोळीला जाताना सुद्धा ती किल्ली ते खिशातून काढून देवाच्या फळीवर ठेवत, आणि काकू म्हणत, "देवालाही आता कळेना आपण राखण कशाची करतोय ते."

या गाडीच्या चाकांच्या मधल्या तुंब्यात, हबमध्ये, जे ऑइल सील असतं, म्हणजे आतलं ग्रीस बाहेर येऊ न देणारं कडं, ते मुळात चामड्याचं. हल्ली रबराचं मिळतं, पण काकांना ते पटत नाही. त्यांच्याकडे मेणकागदात गुंडाळलेली जुनी चामडी सील आहेत. ती इतकी वर्षं पडून पापडासारखी कडक झालेली असतात, म्हणून बसवण्याआधी रात्रभर कोमट तेलात भिजवावी लागतात. त्यासाठी काकूंच्या माहेरून आलेली एक पितळी वाटी कायमची कामाला लागली आहे. स्वयंपाकघरात एका कोपऱ्यात, झाकण ठेवून. काकू कधी कधी पाहुण्यांना सांगतात, "ती नका उघडू, त्यात आमच्या ह्यांचं लोणचं मुरतंय."

शेड घरापासून दहा मिनिटांवर. आज काकांना पंधरा लागली.

मेजरसाहेब शेडच्या दारात खुर्चीवर बसले होते. गुडघ्यांवर शाल, हातात काठी. शहाऐंशी वर्षांचे, कानाने अधू, पण आवाज अजून कवायतीचा.

"मीटर. या वेळी काय?"

"सीलच, साहेब."

"परत?"

"चामडं आहे साहेब. जुनं झालंय. कोरडं पडतं." हे वाक्य काका चौथ्यांदा बोलत होते. पहिल्या वेळी ते खरं वाटलं होतं.

साहेबांनी काठी फरशीवर एकदा आपटली. हो म्हणायची की नाही म्हणायची ती खूण होती, हे आता त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं.

काकांनी मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले, जॅक लावला, गाडी उचलून खाली स्टँड सरकवला. या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे, म्हणजे घट्ट करायच्या दिशेने फिरवले की सैल होणारे. नवशिका इथे घाम गाळतो. काकांच्या मनगटाला ते पाठ होतं. चाक निघालं, बाहेरची टोपी निघाली, नट अडवणाऱ्या लॉक वॉशरचा वाकवलेला कान सरळ झाला, नट निघाला आणि हब ब्रेकच्या ड्रमसकट हातात आला. त्याच्या वजनाने खांदा खाली ओढला गेला. पूर्वी हे वजन जाणवत नसे.

आतलं दृश्य तेच. ग्रीस सीलच्या कडेने झिरपून ब्रेकच्या लायनरवर पसरलं होतं, काळं, चकचकीत. काकांनी ते पाहिलं आणि त्यांना उतार दिसला. स्टिअरिंगवर ताई, शेजारी शाल पांघरलेले साहेब, आणि पायाखाली दबणारा ब्रेक, ज्याची एक बाजू धरते आणि दुसरी लोण्यावरून घसरल्यासारखी नुसती फिरते.

ते खाली बसले. रॉकेलमध्ये फडकं बुडवून त्यांनी स्पिंडल पुसला. स्पिंडल म्हणजे चाकाच्या मधला तो जाड पोकळ दांडा. हब त्याच्याभोवती फिरतो आणि सीलची कड त्यावर घासत राहते. तो पुसून, कोरडा करून, त्यांनी स्वतःचे हात साबणाने धुतले, उस्तादांनी शिकवलं तसे. मग नख फिरवलं. एकदा, दोनदा. काचेसारखं गुळगुळीत.

म्हणजे दोष सीलचाच.

पण या वेळी हे वाक्य मनात पूर्ण झालं नाही. मागच्या वर्षीच्या हिवाळ्यापासून त्यांच्या बोटांची टोकं बधिर होत चालली होती. बारा वर्षांपासून रक्तात साखर, तेव्हा होतं असं, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. गरम कप हातात धरून ते बसत आणि काकू ओरडत तेव्हा कुठे तो खाली ठेवत. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. स्वतःची समजूतही त्यांनी मोठी सोयीस्कर काढली होती: बोट गेलं असेल, पण आपण बोटाने कुठे बघतो, आपण नखाने बघतो. नख तर हाडासारखं असतं, त्याला मुळात कुठे कळत असतं. आयुष्यभर नखावर इतकी मदार ठेवली होती की नखाखाली बोट असतं हेच ते विसरले होते.

काकांनी हत्यारांच्या पिशवीतून कानस काढली. कानशीचे दात कुणालाही दिसतात, कुणालाही टोचतात. त्यांनी डोळे मिटून नख तिच्यावरून फिरवलं.

स्पिंडलसारखंच लागलं.

बाहेर साहेबांची काठी एकदा वाजली. पत्र्यावर कबुतरं चालत होती, त्यांच्या नख्यांचा आवाज खाली स्पष्ट येत होता. भिजवलेलं सील घ्यावं म्हणून त्यांनी पिशवीत हात घातला आणि लक्षात आलं, वाटी घरीच राहिली.

काकू आल्या त्या वाटी घेऊनच. वर ताटली, ताटलीवर रुमाल. चालून चालून दमल्या होत्या.

"अर्ध्या वाटेत कळेल आणि परत याल म्हटलं. नाही आलात. मग म्हटलं आपणच जावं." त्या लाकडी खोक्यावर बसल्या आणि साहेबांच्या दिशेने मोठ्याने म्हणाल्या, "नमस्कार साहेब, बरे आहात ना?"

"हवा चांगली आहे," साहेब म्हणाले.

काकू हळूच हसल्या. मग नवऱ्याकडे बघून त्यांचं हसू थांबलं. "काय झालं? असे का बसलात?"

काका काही तरी सांगणार होते, चामड्याबद्दल. तोंड उघडलं आणि भलतंच बोलले. "हात धुऊन ये जरा. साबणाने. तिथे बादली आहे."

"मी? आता तुमच्या गाडीला माझा हात?"

"ये म्हणतो ना."

काकूंनी हात धुतले, पदराला पुसले. काकांनी त्यांची तर्जनी धरून स्पिंडलवर आणली. "नख आडवं टेकव. दाबू नको. असं इकडून तिकडे जाऊ दे. काही लागतंय का सांग."

काकूंनी नख फिरवलं. लगेच थांबल्या. पुन्हा मागे आणून फिरवलं.

"इथे अडतंय हो. परातीला चीर गेली की कसं अडतं, तसं. सगळीकडून गोल आहे ही रेघ." त्यांनी मान वर केली. "ही काय नवीन आहे?"

"नवीन नाही," काका म्हणाले. "कित्येक वर्षांची असेल. सीलची कड फिरून फिरून पडते. त्यात सील कितीही नवं घाला, त्या खाचेतून ग्रीस निघणार."

"मग याआधी तुम्ही बघितलं नाही का?"

"बघितलं. तीन वेळा."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे. रागावतील असं काकांना वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. फक्त खोक्यावर परत जाऊन बसल्या आणि पदराने कपाळ पुसलं.

"मटार," त्या म्हणाल्या.

"हं."

"चहाचा कप. शर्टाची बटणं. परवा सुईत दोरा माझ्याकडून ओवून घेतलात, चष्म्याचं निमित्त सांगून." मग त्या म्हणाल्या, "मला वाटलं होतं सांगाल आज ना उद्या. मी देवाला रोज सांगत होते, यांना सांगायची बुद्धी दे. तुम्हाला विचारायचं तेवढं राहिलं."

"सांगून काय होणार होतं?"

"ते मला नाही माहीत. पण मला कळलं असतं."

काकांनी कानस पिशवीत टाकली.

"देवाने वापरायला दिलेलं आहे," काकू म्हणाल्या, जरा मऊ आवाजात. "झिजणारच. या लोखंडालाही झीज आहे, आणि हे तर बोट. त्याचं एवढं काय लपवायचं?"

"लोखंड झिजलं ते मी लपवलं नव्हतं," काका म्हणाले. "मला दिसलंच नाही." मग पिशवीचं तोंड आवळत, "ताईला सांगावं लागेल."

तसं बघितलं तर अजून एक वाट होती, आणि ती काकांच्या मनात येऊन गेली. जुने फिटर करतात ती. सील हबमध्ये पूर्ण आत न ठोकता किंचित बाहेर ठेवायचं, म्हणजे त्याची कड खाचेवर न पडता शेजारच्या कोऱ्या धातूवर पडते. दोन महिने, चार महिने निघतात. कुणाला कळत नाही. रविवारी गाडी तळ्यावर गेली असती. पण किंचित म्हणजे किती, हे हाताने ठरवायचं असतं. आणि हात तर आता हा असा.

ताई शेडमध्ये आली तेव्हा हातात तिच्या गाडीच्या कामांची वही होती. काका उभे राहिले. अधिकाऱ्यासमोर उभं राहण्याची सवय मोडली नव्हती.

"ताई, दोष सीलचा नाही. स्पिंडलवर खाच पडली आहे. ती हिच्या नखाला लागली, मला लागली नाही, कारण माझ्या बोटांना कळेनासं झालंय. मागच्या वर्षीच्या थंडीपासून. रविवारी गाडी काढू नका."

ताईने वही मिटली. "थंडीपासून? म्हणजे मागची तिन्ही सील बदललीत तेव्हाही?"

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

"बोटांचं माहीत होतं. खाचेचं नव्हतं." हे म्हणताना आपणच आपल्याला सूट देतोय हे काकांना ऐकू आलं. "पण मी विचारायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला तरी बघ म्हणायला हवं होतं."

"काका, बाबा बसतात त्यात." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मागच्या रविवारी उतारावर मी ब्रेक दाबला आणि गाडी कठड्याच्या बाजूला गेली. मी बाबांना काही बोलले नाही. तुम्हालाही नाही. मला वाटलं माझंच चुकलं."

काकू खोक्यावरून उठून काकांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"किल्ली ठेवा तिथे," ताईने खिडकीच्या कठड्याकडे बोट दाखवलं. "तूर्तास."

काकांनी खिशातून किल्ली काढली. ती कठड्यावर ठेवताना पडली की राहिली हे त्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी वाकून बघितलं. राहिली होती.

दारातून साहेबांचा आवाज आला. त्यांना किती ऐकू गेलं होतं कोण जाणे. "काय म्हणतो मीटर?"

"स्पिंडल झिजलाय, बाबा," ताई मोठ्याने म्हणाली. "आणि काकांना आता हाताला कळत नाही."

"मला पाच वर्षं कळत नाही," साहेब म्हणाले. "चमचा सांडतो माझा. स्पिंडल काढायचा कोणी?"

ताई वही उघडून पानं चाळू लागली.

"मोठ्या वर्कशॉपवाल्याला उलट्या आट्याचे नट माहीत आहेत का?" साहेबांनी विचारलं. "तोडून ठेवील सगळं. काढायला मीटर. बघायला दुसरं कोणी. मी म्हणतो, बस."

ताईने बापाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. "काढा तुम्ही," ती शेवटी म्हणाली. "लेथवाल्या टर्नरकडून त्यावर बारीक बाही चढवून आणा. पण बसवताना मी इथे असेन, आणि बोटाने बघायचं ते काकू बघतील. ब्रेक मी स्वतः उतारावर तपासल्याशिवाय बाबा बसणार नाहीत. किल्लीचं नंतर बघू."

"बरोबर आहे," काका म्हणाले. खरोखर बरोबरच होतं.

मग दुपारभर त्यांनी स्पिंडल काढला. सहा बोल्ट. एकेक बोल्ट निघाला की काकू तो ताटलीवर ठेवत आणि मोजत. दोनदा काकांच्या हातून पाना सुटला, दोनदा काकूंनी उचलून दिला. चौथा बोल्ट गंजला होता. त्याला तेल पाजून वाट बघावी लागली. त्या वेळात काकूंनी विचारलं, "हे बाही चढवणं म्हणजे काय?"

"पातळ नळी असते. झिजलेल्या जागेवर घट्ट बसवायची. मग सील तिच्यावर फिरतं."

"म्हणजे ठिगळ."

"ठिगळच म्हण."

सहावा बोल्ट निघाला आणि स्पिंडल काकांच्या हातात आला. त्यांनी तो जुन्या टॉवेलात गुंडाळला. घरी येताना काकूंनी टॉवेलाचं एक टोक धरलं होतं, दोघांनी मिळून बाळ न्यावं तसं. वजन तसं फार नव्हतं. पण दोघांचंही वय झालं होतं आणि दिवस लांबला होता. गल्लीत समोरची सून भेटली. म्हणाली, "काका, मीटर काढून आणलंत की काय?" काका म्हणाले, "हो गं, बंद पडलं होतं."

घरात आल्यावर काकूंनी आधी देवासमोर दिवा लावला. फळीवरची किल्लीची जागा आता रिकामीच राहणार होती. त्यांनी तिथे हात ठेवला, काढून घेतला, आणि ओट्याकडे गेल्या. परातीतले मटार सुकले नव्हते. उरलेल्या शेंगा त्यांनी पुढ्यात घेतल्या. काकांनीही स्टूल ओढलं. त्या शेंगा फोडत होत्या आणि काका टोपलीतली टरफलं एकेक उलटी करून, डोळ्यांनी बघून, राहिलेले दाणे वेचत होते.

"डॉक्टरांकडे कधी?" काकूंनी मान वर न करता विचारलं.

"सोमवारी जाऊ."

"जाऊ नाही. मी येणार आहे बरोबर."

"ये."

पण त्याआधी उद्या सकाळी नऊ वाजता टर्नरचं दुकान उघडलं की स्पिंडल तिथे पोचवायचा होता.